लहान पोट, मोठा दस्तरखान

उर्दूत 'परहेज' या शब्दाला दोन घरे आहेत. हकिमाने तेलकट, आंबट, गोड वर्ज्य सांगितले की तो परहेज. आणि माणूस वाईटापासून स्वतःला आवरतो तोही परहेजच. म्हणून आजारी माणूस परहेज करतो आणि नेक माणसाला परहेजगार म्हणतात. मराठीत पहिल्या अर्थासाठी 'पथ्य' हा नेमका शब्द आहे. दुसऱ्यासाठी 'संयम' असे वेगळे म्हणावे लागते. कुराणात रोजांचा हेतू 'तकवा' सांगितला आहे आणि उर्दू अनुवादकांनी त्यासाठी अनेकदा परहेजगारी हाच शब्द वापरला आहे. थोडक्यात, रमजान हा परहेजाचा महिना. पण याच महिन्यात, सूर्य मावळल्यानंतर, ज्याला डॉक्टरांनी खरोखरच परहेज सांगितला आहे त्याच्याइतका एकटा माणूस दस्तरखानावर दुसरा नसतो.

मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण दस्तरखानावर पूर्वीपासून आहेत. घराला त्यांची सवय झालेली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या शेजारी आणखी एक जण येऊन बसला आहे: वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेला. 2017 साली इजिप्तहून एका अतिवजनी स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले, तेव्हा 'बेरियाट्रिक' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. 2020 पासून विमा नियामकाच्या वजनाच्या आणि आजाराच्या अटींत बसणाऱ्यांना आरोग्य विम्यातून या खर्चाची वाट मोकळी झाली. बातम्या मात्र ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंतच जातात. पेशंट घरी येतो, आणि तिथून पुढचे सगळे स्वयंपाकघरात घडते.

कुर्ल्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे उदाहरण घेता येईल. वय 42, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. वडील मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. शेवटची दोन वर्षे त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेण्याचे काम तिच्याकडे होते. तिला स्वतःला पस्तिशीत मधुमेह निघाला, वजन 114 किलोपर्यंत गेले, गुडघे जिना चढू देईनात. 2023 च्या पावसाळ्यानंतर तिने शस्त्रक्रिया करून घेतली. दीड वर्षात वजन 76 वर आले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी 9.4 वरून 5.6 वर आली आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. यंदाचा रमजान सुरू होण्याआधीच्या तपासणीत मात्र वजन 85 निघाले आणि साखर 6.3. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त मागच्या रमजानची तारीख विचारली आणि वजनाच्या आलेखावर बोट ठेवले. आलेख तिथूनच वर वळला होता.

हे असे का होते, ते समजायला शस्त्रक्रिया नेमके काय करते ते पाहावे लागते. आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात; उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, जिच्यात एका वेळी अर्धा-पाऊण कप अन्न मावते. 'बायपास' या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला छोट्या अंड्याएवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये जो भाग काढला जातो, भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. त्यामुळे सुरुवातीला भूकच लागत नाही. आधी पातळ, मग वाटलेले, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, या पायऱ्या चढताना पेशंटला वाटते की आता आपण सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा समोर बिर्याणी असते आणि हात पुढे जात नाही.

हा काळ वर्ष-दीड वर्षाचा असतो. नंतर भूक हळूहळू परत येते. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. ते परत मिळवण्यासाठी धडपडते. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा हजारो रुग्णांचा पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के घटलेले दिसले, दहा वर्षांनी ती घट 25 टक्के उरली होती. म्हणजे थोडे वजन परत येणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी आढळले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. नाहीतर 'बघा, इतके लाख घालवले आणि पुन्हा जैसे थे' म्हणणाऱ्यांना आयते कोलीत मिळते.

आता हे लहान झालेले पोट इफ्तारच्या दस्तरखानावर आणून बसवा.

दिवसभराचा रोजा. यंदा फेब्रुवारी-मार्चचे दिवस असल्याने महाराष्ट्रात तो साधारण तेरा तासांचा. पावणेसातच्या सुमारास अजान होते. खजूर तोंडात जातो, पाठोपाठ गुलाबी सरबताचा ग्लास, पहिला घोटाघोटाने नाही, एका दमात. मग भजी, समोसे, चना, फळांची चाट, दहीवडे. सगळे पहिल्या दहा मिनिटांत, कारण मगरिबच्या नमाजला उठायचे असते. शस्त्रक्रियेनंतरचे नियम याच्या बरोबर उलट आहेत. जेवताना पाणी प्यायचे नाही. पाणी आणि जेवण यांत अर्ध्या तासाचे अंतर. घास चमचाभर, आणि चावून अगदी लगदा झाल्याशिवाय गिळायचा नाही. आधी प्रथिने, मग भाजी, भात-पोळी सर्वांत शेवटी. एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे. आपल्या इफ्तारला या वेगाने बसणारा माणूस दुसऱ्या घासावर असतो तेव्हा बाकीचे वजू करायला उठलेले असतात.

गेल्या वर्षी शिक्षिकेने रोजे धरले ते शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच. तिसऱ्या रोजाला तिने खजूर आणि वर ग्लासभर सरबत घेतले. पंधरा मिनिटांनी नमाजच्या चटईवर छातीत धडधड, कपाळावर घाम, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधारी. ती तिथेच आडवी झाली. घरच्यांचे निदान तयार होते: रोजा लागला. दख्खनी बोलीत उपवासाने माणूस गळून गेला की 'रोजा लगा' म्हणतात. सासूने तोंडाला पुन्हा सरबताचा ग्लास लावला, अगदी मायेने.

डॉक्टरी भाषेत याला 'डंपिंग' म्हणतात. जठराचा अडसर कमी झाल्याने साखर भराभर आतड्यात उतरते, आतडे पाणी ओढून घेते आणि शरीर गडबडते. बायपासनंतर हे जास्त होते, स्लीव्हनंतरही होते. त्याचा दुसरा प्रकार अधिक लबाड आहे. गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी, म्हणजे नेमके तरावीहच्या, रात्रीच्या लांब नमाजच्या वेळी, इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटते आणि रक्तातली साखर खाली जाते. हात थरथरतात, खूप भूक लागते. मग माणूस पुन्हा गोड खातो. चक्र फिरत राहते.

या त्रासापेक्षाही वजनाला घातक ठरते ते म्हणजे त्रास न होता उतरणारे अन्न. आणि इथेच बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. सीख कबाबाचा मोठा घास, रुमाली रोटीचा तुकडा, कोरडी चिकन बिर्याणी हे लहान पोटात अडते. छातीत गच्च होते, कधी उलटी होते. पेशंट घाबरून ते सोडून देतो. फिरनी मात्र अडत नाही. शाही तुकडा अडत नाही. सरबत, फालुदा, आइस्क्रीम, दुधात भिजलेली फेणी, तेलात तळलेली पण तोंडात विरघळणारी कुरकुरीत कांदाभजी, सगळे अलगद घसरत जाते. शस्त्रक्रियेने आवळलेली वाट घट्ट अन्नासाठी अरुंद आहे, पातळ आणि मऊ गोडासाठी ती जवळजवळ पूर्वीइतकीच मोकळी. त्यामुळे कबाब नाकारणारी आणि फिरनीची वाटी संपवणारी सून घरच्यांना 'बिचारी काही खातच नाही' अशी दिसते. खरे तर तिच्या पोटात प्रथिने जात नाहीत आणि साखर जाते. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि भूक लवकर लागते.

त्यात रमजानची रात्र. मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत, पुण्यात कॅम्पात, भिवंडी-मालेगावच्या मोहल्ल्यांत या महिन्यात रात्र झोपत नाही. तरावीहनंतर चहा, चहाबरोबर काहीतरी, मग मालपुवा खायला बाहेर, मग पाहुणे, मग सहरी, म्हणजे पहाटेपूर्वीचे जेवण. लहान पोटाला एका वेळी थोडेच मावते, पण 'थोडेच' अकरा तासांत दहा वेळा मावते. शिक्षिकेने आहारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून एका रात्रीचे सगळे वहीत लिहून काढले तेव्हा त्यात जेवण असे कुठेच नव्हते. चवीपुरते, जरासे, अर्धे, एक चमचा, मुलाने टाकलेले, असेच सगळे. पान भरले होते.

रत्नागिरीजवळच्या एका गावातला, कुवेतमध्ये पंधरा वर्षे नोकरी करणारा गृहस्थ हाच अनुभव दुसऱ्या टोकाकडून सांगतो. कुवेत हा जगात लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक बेरियाट्रिक शस्त्रक्रिया होणाऱ्या देशांपैकी एक. तिथे ही गोष्ट लपवावी लागत नाही. ऑफिसात चौघांत एकाची झालेली असते आणि चहाच्या वेळी लोक आपापल्या सर्जनची तुलना करतात. पण तिथेही रमजानच्या रात्री 'गबगा' असतो, इफ्तारनंतर उशिरा रात्री मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी एकत्र येऊन करायचे जेवण, आणि नाही म्हणणे उद्धटपणाचे. याने बायपास करून 40 किलो घटवले. सुट्टीवर गावी आला तर आईने दारातच रडायला सुरुवात केली. गल्फला गेलेला माणूस अंगाने भरून येतो, हा वाळून आला. नक्की काहीतरी मोठे दुखणे आहे आणि पोरगा लपवतो आहे. तिने दुसऱ्या दिवसापासून नारळाच्या दुधातले सांदण, तांदळाची खीर, अंड्याचा हलवा यांचा रतीब लावला. तो महिनाभर खात राहिला, कारण आईला समजावण्यापेक्षा खाणे सोपे होते. परत जाताना त्याचे वजन सहा किलोंनी वाढले होते आणि आई समाधानी होती.

आपल्या समाजात जाडी ही बरकतीची खूण होती, ती पिढी अजून स्वयंपाकघरात आहे. तिला दोष देऊन भागत नाही. ज्या बायांनी उपासमारीचे दिवस पाहिले, पावभर मटणात दहा माणसे जेवू घातली, त्यांच्या दृष्टीने रिकामी ताटली हा अपमान आणि भरलेली ताटली हा दुवा.

शिक्षिकेने घरात शस्त्रक्रियेचे सांगितलेच नव्हते. नवरा सोडून सगळ्यांना पित्ताचे खडे काढल्याचे माहीत होते. कारण उघड आहे. 'तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले' हे वाक्य तिला जावेच्या तोंडून ऐकायचे नव्हते. शिवाय अल्लाहने दिलेल्या शरीरात असा बदल करणे जायज आहे का, हा प्रश्न कुणीतरी टाकलाच असता. या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. आजारावरचा उपचार म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया बहुतेक उलेमा जायज मानतात. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या बदलांबाबत मतभेद आहेत. पण उत्तर सोपे असले तरी प्रश्न विचारला जाण्याची भीती कमी होत नाही.

लपवण्याची किंमत पहिल्याच रमजानला मोजावी लागली. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष-दीड वर्ष रोजे धरू नयेत, असे डॉक्टर साधारणपणे सांगतात. लहान पोटात एका दमात पाणी जात नाही, घोट घोट करून दिवसाला दीड-दोन लिटर भरून काढावे लागते. तेरा तास पाणी बंद राहिले तर शरीर कोरडे पडते, मूत्रपिंडावर ताण येतो. कुराणात सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे: सुटलेले रोजे पुढे भरून काढावेत, ज्याला ते शक्यच नाही त्याने गरिबाला जेवू घालावे, त्याला फिदिया म्हणतात. या सवलतीला फिकहच्या भाषेत 'रुखसत' हा शब्द आहे. उर्दूत लेकीची पाठवणी ती रुखसती आणि नोकरीतली रजाही रुखसतच. तिघांतही जाण्याची परवानगी आहे. परवानगी देणारा नाराज होऊन देत नाही.

पण सवलत घेणारा आजारी दिसायला हवा, अशी लोकांची अपेक्षा असते. 114 वरून 90 किलोवर आलेली, पंजाबी सूट दोन मापे घट्ट करून घेतलेली, चेहऱ्यावर तेज आलेली बाई आजारी कशी? तिने त्या महिन्यात स्वयंपाकघराचे दार लावून प्रोटीन पावडर प्यायली. मासिक पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तेव्हाही बायका पुरुषांपासून लपूनच खातात. लपून खाण्याचा सराव घराघरांतल्या बायकांना आहेच. फरक एवढाच की पाळीचे दिवस सहा-सात, हिचे तीस. दहाव्या दिवशी सासूने विचारले, 'इतने दिन?' त्यानंतर ती शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाआड बसून खाऊ लागली.

गोळ्यांचे गणित वेगळेच. या शस्त्रक्रियेनंतर बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह नीट शोषले जात नाही, मध्ये किमान दोन तास हवेत. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते. कॅल्शियम एका वेळी सगळे शोषले जात नाही म्हणून दोन-तीन हप्त्यांत विभागायचे. हे सारे अकरा तासांच्या रात्रीत बसवायचे आणि झोपायचेही. बहुतेक जण रमजानात गोळ्या सोडतात आणि ईदनंतर विसरतात. वर्ष-दोन वर्षांनी तळपायाला मुंग्या येतात, जिना चढताना धाप लागते, केस मूठभर येतात, तेव्हा शस्त्रक्रियेला दोष दिला जातो. शिक्षिकेच्या आहारतज्ज्ञाने तिला इफ्तारपासून सहरीपर्यंतच्या गोळ्यांचा तक्ता अजानच्या वेळांवर बांधून दिला: मगरिबनंतर कॅल्शियम, तरावीहनंतर लोह, सहरीला उरलेले कॅल्शियम. घड्याळापेक्षा अजान विसरणे कठीण, हे त्या हिंदू आहारतज्ज्ञाला बरोबर उमगले होते. बी-12 चे इंजेक्शन महिन्याला एकदा. स्नायूत घेतलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे, तरी तिने ते रात्रीच घेतले. जिवाला घोर कशाला!

एका बाबतीत मात्र घोर हवाच. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर रोजा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बी-1 जीवनसत्त्व शरीरात फार काळ साठत नाही. ते संपले की चालताना तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसते, आणि उशीर झाला तर हे नुकसान कायमचे राहू शकते. हे 'रोजा लागला' म्हणून सोडून देण्यासारखे नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्याव्यात.

यंदा या घरात काय बदलले, तर पहिली गोष्ट, शिक्षिकेने शाबानच्या शेवटच्या आठवड्यात सासूला खरे सांगितले. नवऱ्याच्या मते हे नको होते. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एवढेच विचारले की कापलेला तुकडा डॉक्टरांनी कुठे टाकला, त्याची दफन करायची असते ना? मग म्हणाली, 'पहले बोलती तो मैं शरबत काहे को पिलाती?'

दुसरी गोष्ट, सुन्नत. पैगंबर साहेब रोजा ओल्या खजुरांनी सोडत, ते नसतील तर सुक्या खजुरांनी, तेही नसतील तर पाण्याच्या काही घोटांनी, आणि मग नमाजला उभे राहत, असे हदीसमध्ये येते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवणही तिरमिजीच्या संग्रहात आहे. मोहल्ल्यातल्या मशिदीत या दोन्ही गोष्टी दर रमजानला सांगितल्या जातात आणि बाहेर पडताच भज्यांच्या गाडीपुढे रांग लागते. आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला कागद सासूने वाचून घेतला, तेव्हा तिला त्यात नवे काही दिसले नाही: अर्धा खजूर, पाण्याचे तीन-चार घोट, नमाज. अर्ध्या तासाने बशीभर जेवण. तिच्या मते हे डॉक्टरांनी मौलानांकडून उतरवून घेतले होते.

बशीत काय, तर रमजानचेच पदार्थ, पण निवडून. खिचडा हा त्यातला राजा. गहू, डाळी आणि मटण तासन् तास शिजून एकजीव झालेले, चावायला सोपे, प्रथिने भरपूर. वरचे तूप आणि तळलेला कांदा बाजूला काढला की तीन-चार डाव पुरतात. नल्ली निहारीची चरबी नको, पण तिच्यातले मऊ मटण चालते. चना उकडून, चाट साखर न घालता. कबाब मऊ, शामीसारखे, आणि तेलात न्हालेले नकोत. सहरीला फेणी-दूध नाही. दोन अंडी किंवा पनीर, दही, मुगाचे धिरडे. जेवणानंतर अर्धा तास थांबून पाण्याची बाटली हाती, आणि तरावीहच्या मध्यांतरातही घोट घोट. गोडाचा पूर्ण बहिष्कार नाही. आठवड्यात एकदा, शुक्रवारी, पोट भरल्यानंतर दोन चमचे. पूर्ण बंदी घातली की सत्ताविसाव्या रात्री माणूस मालपुव्याच्या परातीपुढे उभा सापडतो, हे आहारतज्ज्ञांना माहीत असते.

रोजे ती धरते आहे, डॉक्टरांच्या परवानगीने, पण सलग नाही. चक्कर आली किंवा लघवी फार गडद झाली की दुसऱ्या दिवशी सुट्टी, असे ठरले आहे. आतापर्यंत चार रोजे सुटले. ते ती डिसेंबरच्या लहान दिवसांत भरणार आहे.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट सासूची. त्या बाईंना स्वतःला अठरा वर्षांचा मधुमेह आहे, आणि अठरा वर्षे त्यांनी रमजानात सरबत सोडलेले नाही. यंदा पाचव्या रोजाला सुनेची बशी पाहून त्यांनी स्वतःसाठीही बशी मागितली. कारण सांगितले की एकटीला बशीत जेवताना बघवत नाही. आता दस्तरखानाच्या एका कोपऱ्यात दोन बश्या असतात. जाऊबाई टोमणे मारतात, मुले हसतात, भजी तळलीच जातात, आणि कधी कधी सासूचा हात भज्यांकडे जातो. सूनही एका रात्री फालुदा पिऊन आली आणि तासाभराने थरथरत बसली. वजन रमजानच्या पंधरवड्यात अर्धा किलो घटले आहे. फार नाही.

पुढचा डोंगर ईदचा. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी नाकारणे म्हणजे घर नाकारणे, आणि या कुटुंबाला सकाळपासून अकरा घरे करायची असतात. अकरा वाट्या, प्रत्येकीत दूध, साखर, खजूर, शेवया, तूप. नवऱ्याने सुचवले की तब्येतीचे कारण सांगून घरीच थांबावे. सासूला ते पटले नाही. नातेवाईक तब्येत बघायला उलट घरी येतील आणि शिरखुर्मा डब्यात घेऊन येतील. शेवटी तिनेच तोड काढली. दोघींनी बरोबर निघायचे, प्रत्येक घरी दोघींत मिळून एकच वाटी मागायची, आणि एकेक चमचा घेऊन उरलेली वाटी बरोबरच्या दोन्ही नातवांच्या हाती द्यायची. नातवांना विचारले आहे. ते तयार आहेत.